आयरिस लावायचेत? मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

न्यू जर्सीत येऊन मला २२ वर्षं झाली, त्यातली १६ आयरिस या फुलझाडाच्या नादात गेली. माहेर वाईचं, त्यामुळे मातीत हात घालायची सवय जुनीच. दर मे महिन्यात फुलांचे फोटो पाठवले की नात्यातले, महाराष्ट्र मंडळातले, शेजारपाजारचे सगळे तेच तेच विचारतात आणि ऑगस्टमध्ये मी गड्डे वाटायला काढले की परत तेच, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. "सगळ्यात भारी आयरिस कुठला सांग" असं विचारू नका बाई, आधी तुमची माती कशी आहे आणि पाणी कुठे तुंबतं ते सांगा मग बोलू.

आयरिसचा कांदा कुठे मिळेल?

तुम्हाला जो हवाय तो बहुतेक कांद्याचा नाहीच. फ्लोरिस्टकडे बुकेमध्ये असतो तो निळा सडपातळ डच आयरिस, तो कांद्यापासून येतो. पण तुम्ही फोटोत बघितलात तो मोठा, झालरीझालरीचा, तीन पाकळ्या वर उभ्या आणि तीन खाली लोंबणाऱ्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर सुरवंट चिकटल्यासारखी केसाळ पट्टी, त्याला इथे बिअर्डेड म्हणतात, मी दाढीवाला म्हणते. तो गड्ड्याचा. आलं किंवा हळद जशी जमिनीत आडवी पसरते ना तसाच पसरतो, पानं वेखंडासारखी.

सगळे आयरिस एकसारखेच लावायचे ना?

नाही! आणि नव्वद टक्के लोकांची झाडं इथेच मरतात. आयरिसच्या अडीचशेच्या वर जाती आहेत, कुणी वाळवंटाच्या कडेचा तर कुणी दलदलीतला. कामापुरतं सांगायचं तर दाढीवाल्याला ऊन हवं, निचरा हवा, पीएच (माती किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) ६.५ ते ७ च्या आसपास, उन्हाळ्यात कोरडं चालतं नव्हे तेच आवडतं. सायबेरियनला ओलावा लागतो, जरा आम्लधर्मी माती चालते, पाच-सहा वर्षं एका जागी सुखाने राहतो. जपानी म्हणजे हानाशोबु, त्याला माती आम्लधर्मीच लागते, पीएच साडेपाच ते साडेसहा, उन्हाळ्यात भरपूर पाणी, आणि चुना किंवा हाडांची भुकटी चुकूनसुद्धा घालायची नाही. लुइझियाना तर मुळात दलदलीतला, डबक्याच्या काठाला खूश असतो.

म्हणजे एकाच अंगणात वरच्या कोरड्या कोपऱ्यात दाढीवाला आणि छपराचं पाणी पडतं तिथे लुइझियाना, दोघं छान जगतील. जागा उलटसुलट केल्या तर दोघंही जातील. मी केल्यात, म्हणून सांगते.

आमच्याकडे लाल चिकणमाती आहे, पाऊस पडला की चिखल आणि उन्हात वीट. काय करू?

मध्य जर्सीत राहणाऱ्या सगळ्यांचा हाच प्रश्न, माझाही होता. पहिल्या वर्षी मी हौसेनं दीड फुटाचा खड्डा खणला, त्यात पिशवीतली महाग माती ओतली आणि गड्डा लावला. सगळं पुस्तकातल्यासारखं. पण चिकणमातीत खणलेल्या खड्ड्यात भुसभुशीत माती भरली की तो हौद होतो हो, आजूबाजूचं पाणी सगळं तिथे येऊन बसतं. मार्चमध्ये बघितलं तर गड्ड्याचा लगदा.

मग आठवलं की वाईला आमच्याकडे बटाटा, ऊस, हळद सगळं सरी-वरंब्यावरच लावतात, सपाट जमिनीत कोण लावतं! तेव्हापासून वरंबे करते. आहे तीच माती वर ओढून आठ इंचाचा उंचवटा, त्यात कुजलेल्या पानांचं खत आणि थोडी बारीक खडी मिसळायची. गड्डा वरंब्याच्या माथ्यावर, मुळं दोन्ही बाजूंना खाली पसरून, आणि गड्ड्याची पाठ उघडी. सरड्यानं उन्हात पाठ शेकत पडावं तसा तो दिसला पाहिजे. दोन गड्ड्यांमध्ये सव्वा ते दीड फूट अंतर, आता ओकंबोकं वाटेल पण तीन वर्षांत दाटी होते, मग उपटून वाटून परत लावायचे.

माती तपासून घ्या. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाची माती तपासणीची लॅब आहे, नमुना पाठवला की पीएच कळतो. माझा ५.८ आला होता म्हणून दाढीवाल्यांच्या वाफ्यात चुना घातला. सायबेरियनच्या वाफ्यात काही घातलं नाही, त्याला तीच माती मानवली. माझं प्रामाणिक मत, जड चिकणमाती असेल आणि कष्ट नको असतील तर सरळ सायबेरियन लावा.

आमची रेताड माती आहे, साउथ जर्सी

तुमचं सोपं आहे, सडण्याची भीती कमी. पण वाळूत खत टिकत नाही, पाणीही टिकत नाही, त्यामुळे थोडं थोडं खत दोनदा द्या, एकदा वसंतात आणि एकदा फुलं संपल्यावर महिन्याभराने. जपानी लावायचा असेल तर वाफ्याखाली प्लास्टिकचा कागद भोकं पाडून पसरा म्हणजे ओल धरून राहते.

डॅलसला राहतो, काळी माती, उन्हाळा ४० अंश. होईल का?

माझी मावसबहीण तिथेच असते. तिनं पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा मला वाटलं विदर्भातलं शेत आहे, भेगा पडलेल्या अगदी तशाच. आणि ती खरंच त्याच प्रकारची माती आहे, ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. तिथली माती चुनखडीची, पीएच ८ च्या आसपास, त्यामुळे चुना अजिबात नको. दाढीवाला त्या मातीत नीट येतो, फक्त उंचवटा हवाच. मी वर सांगितलं की गड्ड्याची पाठ उघडी ठेवा, ते आमच्याकडचं झालं. तिकडच्या उन्हात उघडा गड्डा भाजून निघतो, अर्धा ते एक इंच माती वर टाकायची, दुपारी थोडी सावली मिळाली तर बरंच. लावायचं सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, जुलैत नाही. लुइझियाना हवा असेल तर गंधक घालून माती जरा आम्लधर्मी करावी लागेल, किंवा सरळ मोठ्या टबात लावा.

मिनेसोटात बर्फाखाली जगतो का?

जगतो. थंडीचं भय नाही, भय आहे ते माती गोठून-वितळून गड्डा वर फेकला जाण्याचं, विशेषतः नवीन लावलेला. म्हणून तिकडे ऑगस्ट मध्यापर्यंत लावून मोकळे व्हा, मुळं धरायला वेळ मिळायला हवा. जमीन गोठल्यावर वरून पाईनच्या फांद्या टाका, ख्रिसमसनंतर लोक झाडं रस्त्यावर ठेवतातच, त्यातल्याच दोन आणायच्या. बर्फ टिकून राहिला तर उलट बरं, पांघरूण असतं ते.

पुण्यात होईल का? आईला पाठवायचाय

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला दर वेळी नाही म्हणायला जीवावर येतं. दाढीवाल्याला थंडीचे काही आठवडे लागतात म्हणजे कळी धरते, आणि उन्हाळ्यात कोरडं लागतं. आपल्याकडे नेमकं उलटं, थंडी नावाला आणि गड्ड्याने आराम करायचा त्या महिन्यांत धो धो पाऊस. पानं येतील, कदाचित एखादं फूल पण येईल, पण जून-जुलैत सडणार. महाबळेश्वरला थंडी बरी असते पण पाऊस बघा ना तिथला!

पण निराश होऊ नका. आयरिस डोमेस्टिका म्हणून एक आहे, पूर्वी बेलमकांडा म्हणायचे, २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला आयरिसमध्येच घातलं. केशरी फूल, वर लाल ठिपके, एक दिवस टिकतं आणि मिटताना कपडा पिळल्यासारखं पिळून घेतं. मग बोंड फुटलं की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस. उष्ण हवेत मजेत येतं, बियांपासून सहज होतं. कोथरूडला माझ्या नणंदेच्या गच्चीत कुंडीत चार वर्षं आहे आणि ती त्याच्याकडे फारसं बघतसुद्धा नाही. दुसरा पर्याय टबातला लुइझियाना, त्याला उकाडा आणि पाणी दोन्ही चालतं. डच आयरिसचे कांदे दोन-अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुंडीत लावले तर एकदा फुलतात, मग विसरायचं त्यांना.

आणि बॅगेत लपवून गड्डे नेऊ नका. रोपं न्यायला भारतात आयातीचा परवाना आणि इथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला) लागतं, उगाच कीड घेऊन जाल.

म्हणजे भारतात आयरिस नाहीतच?

आहेत की! हिमालयात आहेत. कुमाऊंच्या नावाचाच एक आहे, आयरिस केमाओनेन्सिस, ठिपक्यांचा बुटका. लडाखकडे आयरिस लॅक्टिया, खारट जमिनीतसुद्धा तग धरतो, मुळं खूप खोल जातात. काश्मीरमध्ये तर जुन्या कबरस्तानांत पांढरे-जांभळे आयरिस कबरींवरच लावलेले असतात, एप्रिल-मेमध्ये फुलतात. त्या काश्मिरी आयरिसची गोष्ट पुढे येणार आहे, थांबा.

पानं हिरवीगार, कमरेएवढी, पण फूल नाही

तीन कारणं. सावली, म्हणजे सहा तासांपेक्षा कमी ऊन. खोल लावलाय. किंवा लॉनचं खत. आमच्या यजमानांनी एका वर्षी लॉनला नायट्रोजनवालं खत मारलं आणि उतारावरून ते सगळं माझ्या वाफ्यात आलं, त्या वर्षी पानं बघायला लोक थांबायचे पण फूल दोन. शिवाय अशा खताने मऊ पडलेला गड्डा पटकन सडतो तो वेगळाच. चौथं कारण दाटी, पण ते तुम्हालाच दिसेल.

गड्डा मऊ झालाय आणि घाण वास येतोय

तो वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. जिवाणूंची सड आहे ती. खणून काढा, चमच्याने मऊ भाग कडक पांढऱ्या गराला लागेपर्यंत खरवडा, दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग नवीन जागी लावा. सड नुसती येत नाही बरं का, तिला आत शिरायला दार लागतं. अमेरिकेच्या पूर्व भागात ते दार आयरिस बोअरर नावाची अळी करून देते. पतंग शरद ऋतूत जुन्या पानांवर अंडी घालतो, वसंतात अळी पानातून कुरतडत खाली उतरते आणि गड्ड्यात जाऊन जाडजूड गुलाबी होते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सगळी वाळकी पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मे महिन्यात पानावर ओलसर रेघ दिसली की तिथेच चिमटीत धरून अळी चिरडायची. ईईई म्हणू नका, फवारणीपेक्षा स्वस्त पडतं.

हरणं खातात का? कुत्र्याला चालतं का?

हरणं सहसा नाही खात. कुत्र्या-मांजरांनी गड्डा खाल्ला तर त्रास होतो, लांब ठेवा.

एकदम लाल आयरिस आहे का?

नाही. कॅटलॉगमध्ये रेड लिहिलेलं असतं ते वीटकरी, मरून, चॉकलेटी असतं, जांभळं रंगद्रव्य पिवळ्यावर चढलेलं. अग्निशमनच्या बंबासारखा लाल देणारं रंगद्रव्य दाढीवाल्यात नाही. गुलाबी आहे, ते टोमॅटोतल्या लायकोपीनमुळे. मी एकदा एका नर्सरीतून "लाल" म्हणून महागाचा गड्डा घेतला होता, दोन वर्षांनी फुलला तो पिवळाधमक. लेबलच चुकीचं.

क्रॉस, म्हणजे दोन आयरिसचा संकर, करायचा म्हणजे नक्की काय करायचं? आम्हाला जमेल?

सातवीच्या मुलाला जमतं, खरंच. सकाळी लवकर, दव वाळल्यावर, नुकतंच उमलणारं फूल निवडा. प्रत्येक लोंबत्या पाकळीच्या वर एक छत्रीसारखा भाग वाकलेला असतो, त्याच्या पोटाखाली परागकोश असतो. तो चिमट्याने उपटा, हा झाला बाप. आता दुसऱ्या जातीचं फूल घ्या, त्याचे स्वतःचे परागकोश आधी काढून टाका. छत्रीच्या टोकाखाली एक पातळ ओठ दिसेल, बोटाने जरा खाली ओढायचा आणि त्यावर परागकोश घासायचा, पिवळी भुकटी चिकटली पाहिजे. तिन्ही ओठांना करा. लोंबत्या पाकळ्या तोडून टाका म्हणजे भुंग्याला उतरायला जागा राहत नाही. आणि लेबल लगेच बांधा, आईचं नाव आधी, मग बापाचं, तारीख. "मला आठवेल" म्हणालात तर नाही आठवणार.

पावसाच्या दिवशी करू नका, पराग भिजला की गेला. माझे दहातले तीन-चार धरतात. धरला की फुलाखाली बोंड फुगायला लागतं, दोनेक महिन्यांत तपकिरी होऊन टोकाला फुटतं, आमच्याकडे जुलै शेवट ते ऑगस्ट. आत तीस-चाळीस सुरकुतलेल्या बिया.

बिया पेरल्या, सहा महिने झाले, काहीच नाही

घरात उबेत ठेवल्यात ना? बियांच्या सालीत उगवण थोपवणारं द्रव्य असतं, ते पावसाने धुऊन जायला हवं आणि दोन-तीन महिने ओली थंडी लागायला हवी. ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरा, वर खारीसाठी जाळी, बाहेर ठेवून द्या. एप्रिलमध्ये गवतासारखे कोंब येतात. काही बिया दुसऱ्या वर्षी उगवतात, त्यामुळे कुंडी फेकू नका. फूल बघायला क्रॉसपासून साधारण तीन वर्षं.

दोन सुंदर फुलांचा क्रॉस केला, पोरं सगळी मळकट जांभळी निघाली

सगळ्यांचीच निघतात. आजच्या मोठ्या दाढीवाल्यांत गुणसूत्रांचे दोन नाही तर चार संच असतात. गुलाबी रंग दबून राहणारा, तो दिसायला चारही ठिकाणी तोच जीन लागतो. दोन संचांच्या झाडात, दोघा आईबापांनी गुलाबी लपवलेलं असेल तर चारात एक पोर गुलाबी निघतं. चार संचांत, आईबापाकडे प्रत्येकी दोन-दोन लपलेले असतील तर छत्तीसात एक! म्हणून वीस रोपं लावून "काही आलं नाही" म्हणायचं नसतं. त्यातल्या दोन लपलेले असलेल्या भावंडाचा गुलाबीशी परत क्रॉस केलात तर सहात एक मिळतो. इलिनॉयच्या डेव्हिड हॉल यांनी १९४० च्या दशकात गुलाबी आयरिस लोकांसमोर आणले ते वर्षानुवर्षं रोपं वाढवून आणि फेकून.

कुठल्याही आयरिसचा कुठल्याहीशी क्रॉस होतो का?

सायबेरियनचा दाढीवाल्याशी करत बसू नका. गुणसूत्रं जुळायला हवीत. युरोपातल्या जुन्या बागेतल्या आयरिसमध्ये २४ असायची, फुलं नाजूक, लहान. केंब्रिजचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तुर्कस्तान वगैरे भागातल्या मिशनऱ्यांना पत्रं लिहून गड्डे मागवले, तुर्कस्तानातल्या अमास्याहून आलेला अमास नावाचा आयरिस त्यातलाच. ही झाडं थोराड होती आणि त्यांच्यात दुप्पट, ४८ गुणसूत्रं होती, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. जुन्यांशी क्रॉस केला की बहुतेक पोरं वांझ, २४ आणि ४८ ची मधलीच, पण एखादं सुपीक निघायचं. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या आर्थर ब्लिस यांनी अमासपासून केलेला डोमिनियन १९१७ मध्ये आला आणि आजच्या मोठ्या मखमली फुलांत त्याचं रक्त आहे. आणि मोठ्या पांढऱ्यांत? आपल्या काश्मीरचा आयरिस काश्मिरियाना. हे वाचलं त्या दिवशी मी पांढऱ्यांचा वाफा वाढवला.

बुटक्यांची गोष्ट अशीच, ३२ वाला रानटी पुमिला आणि ४८ वाला उंच यांच्यापासून ४० वाले फूटभर उंचीचे तयार झाले, १९५० च्या आसपास पॉल कुक वगैरेंनी केले. ते आपसात सुपीक आहेत. वारा जास्त असेल तर हेच लावा, काठ्या लावायची कटकट नाही.

रिटायर झाल्यावर सुरू केलं तर उशीर होईल का?

करियर मॅकएवन हे न्यूयॉर्कचे संधिवाताचे डॉक्टर, १९०२ चा जन्म, पन्नाशीनंतर आयरिसकडे वळले. संधिवाताच्या डॉक्टरला कोल्चिसिन ओळखीचंच, गाउटचं औषध, आपल्या हकिमांचं सुरंजान त्याच घराण्यातलं. त्याच कोल्चिसिनने त्यांनी सायबेरियनच्या कोंबांची गुणसूत्रं दुप्पट केली आणि चार संचांचे सायबेरियन तयार केले. मेन राज्यात राहायचे, शंभरी पार करून २००३ मध्ये गेले. बाकी सगळं करा, कोल्चिसिन मात्र घरी करू नका, विष आहे ते.

क्रॉसमधून आलेली किती रोपं ठेवायची?

मी शंभरातली दोन ठेवते. पहिल्या फुलाला कधी भुलायचं नाही, प्रत्येक पोर आपल्याला मदनच वाटतं. तीन हिवाळे, दोन ओले उन्हाळे त्याच चिकणमातीत काढू दे, देठ ताठ राहतोय का, फाटे फुटून सात-आठ कळ्या येतात का, गड्डे वाढतात का ते बघा. माझा सगळ्यात सुंदर, तांबूस-गुलाबी, निळ्या दाढीचा, दुसऱ्याच मार्चला सडला. रडले थोडी. पण तो टिकला असता तरी जर्सीत कुणाला देण्यासारखा नव्हताच. उलट मावसबहिणीला डॅलसला दिलेला एक अगदी साधा फिका पिवळा तिथे माजलाय नुसता, माझ्याकडे जेमतेम जगतो.

नाव देता येतं का?

हो. आधी कुणी घेतलेलं नसावं. नोंदणी अमेरिकन आयरिस सोसायटीकडे होते, १९२० पासूनची संस्था आहे, कांद्याचे सोडून जगभरातले सगळे आयरिस तिथेच नोंदवतात. माझा एक जांभळा आहे, घरात त्याला मेणवली म्हणतो. नोंदवला नाहीये अजून, तिसरा हिवाळा जायचाय.

आधी बघायचे असतील तर कुठे?

न्यू जर्सीतच अप्पर माँटक्लेअरला प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स, १९२७ पासून आहे, मे मध्य ते जूनचा पहिला आठवडा. वही घेऊन जा, नावं लिहून घ्या. सकाळी जा.

गणपतीला वाहता येईल का?

वेळ जमत नाही हो, मुख्य बहर मेमध्ये. पण दोनदा फुलणारे असतात, लॉइड झुरब्रिग यांचा १९८२ चा इमॉर्टॅलिटी नावाचा त्यातला, पांढराशुभ्र. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत फुलतो, उन्हाळ्यात त्याला इतरांपेक्षा जास्त पाणी द्यावं लागतं तेवढंच. गेल्या वर्षी घटस्थापनेला चार फुलं मिळाली. गणपतीला अजून एकदाही नाही.